बालसंगोपन, गृहबाह्य

जन्मदात्या कुटुंबात वाढणे ज्यास शक्य नाही, अशा बालकाचा आप्तांच्या घरी, दत्तक वा प्रतिपालक कुटुंबात किंवा संस्थेत होणारा सांभाळ म्हणजे गृहबाह्य बालसंगोपन होय. या सांभाळातून प्रवेशनोंदी, न्यायालयीन कागद, वार्षिक अहवाल असे दप्तर निर्माण होते. आईबापांकडून स्वतःची हकीकत कळण्याचा मार्ग ज्याला बंद झालेला असतो, त्याला ती कळण्याचे बहुधा हेच एक साधन उरते. मात्र महाराष्ट्रातील जुनी दप्तरे बालकासाठी लिहिलेली नाहीत.

संस्था निघण्यापूर्वी हे काम मुख्यतः आप्त करीत. रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ले, हर्णे, मुरूड या किनाऱ्यावरील गावांतून मुलांना शिक्षणासाठी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे ठेवण्याची रीत होती. आंजर्ल्यालगतच्या मुर्डी गावी जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) मुंबईत आपले नातलग, मुरूडचे धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२), यांच्या बिऱ्हाडी राहून शिकले व पुढे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले (१८९९). परांजपे अनाथ नव्हते. परंतु अनाथ मुलाचा सांभाळही याच आप्तसंबंधांतून होई. त्याची कोठेही नोंद होत नसे. परांजपे यांचे उदाहरण ज्ञात आहे, कारण पुढे दोघांनीही आत्मचरित्रे लिहिली. वार लावून जेवणाऱ्या वा माधुकरी मागणाऱ्या इतर असंख्य मुलांबाबत तसे घडले नाही.

शासकीय पातळीवर १८५० च्या उमेदवारीविषयक अधिनियमाने दहा ते अठरा वर्षे वयाच्या अनाथ व गरीब मुलांना कारागिरांकडे करारबद्ध करण्याची तरतूद केली. मुंबईतील डेव्हिड ससून सुधारगृह १८५७ मध्ये निघाले. या व्यवस्थांत बालक प्रामुख्याने शिस्त व श्रम यांचा विषय होते.

जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाची दृष्टी निराळी होती. फसलेल्या विधवेने गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तेथेच ठेवावे, अशी सोय तेथे होती. गुप्तता हाच या गृहाचा आधार होता. नाव उघड होण्याची भीती असती, तर कोणीही तेथे आली नसती. फुले यांच्या १८८४ च्या टिपणानुसार तोपर्यंत पस्तीस विधवा तेथे प्रसूत झाल्या. त्यांची पाच मुले जगली व तीस दगावली. गर्भ लपविण्यासाठी घेतलेली विषारी औषधे हे त्यांनी मृत्यूंचे कारण दिले आहे. संख्या आहे, नावे नाहीत. मातेला वाचविणारे हे मौन मुलाच्या वाट्याला मात्र अज्ञान म्हणून आले. फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत हा त्यास ठळक अपवाद. १८८७ च्या मृत्युपत्रामुळे त्याचे स्थान कागदावर निश्चित झाले. पंढरपूर येथे प्रार्थना समाजाच्या प्रेरणेने १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बालकाश्रमानेही टाकलेल्या मुलांचा सांभाळ पत्करला.

१८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनी अनाथांची संख्या एकाएकी वाढविली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून व नंतर गुजरातेतून आणलेल्या मुली केडगावच्या मुक्तिसदनात वाढल्या. कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) नावाने बालिकांचा असला, तरी मुख्यतः विधवांसाठी होता. अशा संस्था देणग्यांवर चालत. त्यामुळे त्यांचे अहवाल देणगीदारांना उद्देशून लिहिले जात. धान्याचा खर्च, शिकविलेले उद्योग आणि झालेले विवाह त्यांत तपशिलाने सापडतात. मुलगी कोणत्या गावची, तिची भावंडे कोठे गेली, हे क्वचित.

१९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाने आणि १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने या पद्धतीत मोठा फरक पडला. बाल न्यायालयापुढे येणाऱ्या मुलाच्या घराची चौकशी परिवीक्षा अधिकारी करू लागले व प्रत्येक मुलाचे स्वतंत्र प्रकरण तयार होऊ लागले. ही प्रकरणे अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेली आहेत. गरिबीला ‘दुर्लक्ष’ आणि घर सोडण्याला ‘भटकेपणा’ म्हणण्याची त्यांतील प्रवृत्ती लक्षात घेऊनच ती वाचावी लागतात.

विदेशी दत्तकविधानांतील गैरप्रकारांच्या तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात १९८४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानंतर दत्तकाच्या कागदपत्रांना शिस्त आली [→ दत्तक]. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाखालील दत्तक विनियमांनी दत्तक व्यक्तीचा मूळशोधाचा हक्क मान्य केला आहे. जन्मदात्यांनी ओळख देण्यास नकार दिल्यास वा ते न सापडल्यास निदान मूल सोपविण्याची कारणे व परिस्थिती सांगावी लागते. त्याच अधिनियमात विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या दोषसिद्धीच्या नोंदी सामान्यतः नष्ट करण्याची तरतूद आहे. एका बालकाचे हित कागद टिकण्यात, तर दुसऱ्याचे तो नाहीसा होण्यात असल्याने दप्तर सांभाळणाऱ्यास दोन्ही प्रकार वेगळे ठेवावे लागतात.

जुन्या संस्थांची स्थिती याहून कठीण आहे. संस्था बंद पडली वा इमारत बदलली, की नोंदवह्या रद्दीत जातात. कोकणच्या दमट हवेत कागद तसाही लवकर कुजतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत खुल्या प्रवर्गातून एक टक्का आरक्षण ठेवले. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि संस्थेत वाढलेल्या व्यक्तीला ते मिळविताना बालपणीच्या त्याच प्रवेशनोंदीचा आधार घ्यावा लागतो.