खडक कोरडा कोणी केला?

कर्नाटकात कनकपुऱ्याजवळ कब्बालदुर्ग नावाचा डोंगर आहे. तिथल्या दगडखाणीत करड्या पट्ट्यापट्ट्यांचा नाइस खडक मध्येच काळपट हिरवा होतो आणि तेलकट झाक धरतो. हे डाग कुठे भेगेच्या कडेने पसरतात, कुठे पट्ट्यांना आडवे जातात. करडे पट्टे डागात शिरले की पुसट होत विरतात. या काळपट खडकाचे नाव चार्नोकाइट. सी. एस. पिचमुथू यांनी १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये या जागेकडे जगाचे लक्ष वेधले, कारण इथे चार्नोकाइट घडता घडता थांबलेला दिसतो. करड्या आणि काळपट भागांच्या एकूण रासायनिक घडणीत फरक थोडा. मुख्य फरक पाण्याचा. करड्या खडकातल्या कृष्णाभ्रकाच्या आणि हॉर्नब्लेंडच्या स्फटिकांत पाणी बांधलेले असते, कृष्णाभ्रकात तर वजनाच्या सुमारे ४ टक्के. काळपट डागात त्यांची जागा पायरोक्सीनने घेतली आहे आणि त्यात पाणी जवळजवळ नसतेच. हे घडले सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, जमिनीखाली वीसेक किलोमीटरवर, ७०० ते ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास. उष्णतेने पाणी उडून गेले, हे उत्तर चटकन सुचते. पण ते पुरत नाही. हातभर अंतरावरचा करडा खडकही तितकाच तापलेला होता, तितक्याच दाबाखाली होता. तो तसाच राहिला. म्हणजे भेगेतून काहीतरी आले आणि त्याने भोवतालच्या पाण्याची क्रियाशीलता उतरवली. ती उतरली की कृष्णाभ्रकाला आपले पाणी धरून ठेवता येत नाही.

ते ‘काहीतरी’ म्हणजे कार्बन डायऑक्साइड, असे १९७० नंतर बहुतेकांना वाटू लागले, आणि त्याला सबळ कारण होते. स्फटिक वाढताना किंवा त्याची भेग सांधताना भोवतालचा द्रव सूक्ष्म बुडबुड्यांत अडकतो. जाक तुरे यांनी १९७१ मध्ये दक्षिण नॉर्वेतल्या अशाच कोरड्या खडकांतले बुडबुडे तपासले. असा बुडबुडा सूक्ष्मदर्शकाखाली गोठवून सावकाश तापवतात. आतला बर्फ उणे ५६.६ अंशांना वितळला तर तो शुद्ध कार्बन डायऑक्साइड. तुरे यांना पाण्याऐवजी तोच मिळत गेला, आणि तोही खोलवरच्या दाबाला साजेसा दाट. पुढे १९७९ मध्ये जनार्दन, न्यूटन आणि स्मिथ यांनी कब्बालदुर्गच्या चार्नोकाइटचे मूळही पाण्याची क्रियाशीलता उतरण्यात शोधले. खालून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा आला आणि त्याने खडक सुकवला, हे चित्र पक्के झाले.

माझ्या मते या चित्रातली चूक बुडबुड्यांवर टाकलेल्या भिस्तीत आहे. बुडबुडे नंतरच्या काळात अडकलेले असू शकतात; क्वार्ट्झवर ताण आला की त्यातले पाणी झिरपून जाते आणि कार्बन डायऑक्साइड मागे राहतो. हे आक्षेप जुने आहेत. त्याहून महत्त्वाचा मुद्दा ओलेपणाचा. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसते. क्वार्ट्झच्या कणांमध्ये कार्बन डायऑक्साइडचे तसेच होते. वॉटसन आणि ब्रेनन यांनी १९८७ मध्ये प्रयोगांतून दाखवले की कार्बन डायऑक्साइड मिसळला की द्रव आणि कण यांच्यातला कोन ६० अंशांच्या वर जातो, म्हणून द्रव सुट्या थेंबांत तुटतो. मीठ मिसळले की तोच कोन ६० च्या खाली येतो आणि द्रव कणांच्या कडांनी सलग वाहू लागतो. जो तुटून बसला तो बुडबुड्यात सापडणार. जो वाहून गेला त्याची साक्ष तिथे क्वचितच मिळणार.

न्यूटन आणि अरानोविच यांनी १९९० नंतर अतिखाऱ्या द्रावणाची बाजू मांडली. खारे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड खोलवरच्या तापमानालाही एकमेकांत पुरते मिसळत नाहीत, तेव्हा दोघे शेजारी नांदणे शक्य आहे. त्यांच्या प्रयोगांत, सुमारे दहा हजार वातावरणांच्या दाबाखाली, द्रवातले पाण्याचे रेणू निम्मे केले की त्याची क्रियाशीलता जवळजवळ चतुर्थांशावर येते. कब्बालदुर्गचा दाब याच्या निम्म्याच्या आसपास, तेव्हा तिथे परिणाम काहीसा सौम्य असेल. दिशा मात्र तीच. तमिळनाडूच्या शेवरॉय टेकड्यांच्या खडकांत क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या कणांमधून पोटॅशियम फेल्डस्पारच्या बारीक शिरा धावताना दिसतात. कृष्णाभ्रक मोडले की पोटॅशियम मोकळे होते हे खरे, पण मोकळे झालेले पोटॅशियम कणाकणांच्या कडेने दूर नेऊन बसवायला विद्रावक लागतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये ते विरघळत नाही म्हटले तरी चालेल. क्लोराइडच्या द्रावणात सहज विरघळते.

विरोधक म्हणतात, बाहेरून कोणी यायलाच नको. खडक थोडा वितळला की पाणी वितळरसात शिरते आणि उरलेला भाग आपोआप कोरडा होतो. पुष्कळ ठिकाणी असे झाले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय लॅम आणि व्हॅली यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅडिरोंडॅक पर्वतातल्या काही खडकांत ऑक्सिजन इतका कमी असल्याचे दाखवले की तिथला कार्बन डायऑक्साइड ग्रॅफाइट होऊन बसला असता. या दोन्ही गोष्टींनी लोंढ्याचे चित्र खचते, पण खाऱ्या द्रावणाला दुसरी लागूच पडत नाही, कारण क्लोराइडचे ग्रॅफाइट होत नाही. वितळण्याबद्दल म्हणायचे तर शुद्ध पाणी असते, तर ७०० अंशांना हा नाइस आधीच वितळू लागला असता. मीठ त्याचा वितळबिंदू वर नेते आणि खडक घन राहूनच सुकू शकतो. कब्बालदुर्गचे डाग भरड कणांचे आहेत, जवळ पेग्मटाइट हा वितळरसातून थिजणारा भरड खडकही आहे, म्हणून थोडे वितळणे झाले असेलही. तरी डागांची जागा भेगांनी ठरवली, ही गोष्ट वितळण्याने एकट्याने सुटत नाही.

या वादाचा पल्ला एका दगडखाणीपुरता नाही. खोल कवचातले असे खडक बऱ्याच ठिकाणी रुबिडियम, युरेनियम आणि थोरियम यांत कमी भरतात. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून खंडांच्या आतली उष्णता तयार होते. ही मूलद्रव्ये खोलात न साठता वरच्या थरांत आली, म्हणून खोल कवच थंड होऊन टणक बनले. यातला बराचसा माल वितळरसानेही वर नेला असेल. पण जिथे खडक वितळल्याच्या खुणा तोकड्या आहेत, तिथे धातू विरघळवून कणांच्या कडेने वर नेण्याचे काम कार्बन डायऑक्साइडच्या सुट्या थेंबांना जमणारे नव्हते. ते खाऱ्या पाण्याला जमते.