पेन्सिलीआधी चिंचोके हवेत

‘बालवाडीत नुसता खेळच चालतो,’ ही पालकांची नेहमीची तक्रार. पण त्या खेळात काय घडतं ते बघा. चिंचोके आणि सागरगोटे एकत्र करून दिले की मूल आकार, रंग पारखून दोन ढीग करतं आणि जोड्या लावत कुठला ढीग मोठा ते ठरवतं. गणिताचा पाया इथेच पडतो. चिंचोका चिमटीत उचलताना बोटांना जे वळण लागतं, तेच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतं. ही वाट जुनीच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शिंपले, खडे हीच साधनं केली.

‘मग मूल पहिलीत मागे नाही का पडणार?’ ही भीती खरी आहे, पण उपाय चुकतो. हात तयार नसताना पानंच्या पानं गिरवून घेतली तर अक्षर सुधारत नाही, लिहिण्याचा कंटाळा मात्र पक्का बसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा धरून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. ‘वर्गात मुलं जास्त, ताई एकटी’ ही अडचणही खरीच. त्यासाठी छोटे गट करून प्रत्येकाला वेगळं काम द्यावं. बारीक वस्तू तोंडात जाऊ नयेत म्हणून ताईंनी त्या वस्तू हाताळणाऱ्या गटापाशी बसावं. आणि पालकांनो, किती पानं लिहिली यापेक्षा आज काय केलं, हे मुलाला विचारा!