टोपण लावून काढलेले फोटो

दुर्बिणीला टोपण लावायचे, पाच मिनिटांचे एक्स्पोजर द्यायचे आणि हाती आलेला काळाकुट्ट फोटो जपून ठेवायचा. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या संग्रहात असे शेकडो ‘डार्क’ असतात. तेजोमेघांच्या रंगीत चित्रांचे कौतुक सगळे करतात, पण त्यामागच्या या काळ्या फोटोंचा इतिहासही तितकाच मोलाचा आहे.

या डार्कची गोष्ट गारव्यापासून सुरू होते, आणि गारव्याची गरज फिल्मच्या काळापासूनची. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते, म्हणून काही हौशी मंडळी ती कोरड्या बर्फाने गार करत, तर काही जण ती आधी हायड्रोजनमिश्रित वायूत मुरवत. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सिलिकॉन चिपची कल्पना मांडली. १९७६ मध्ये ॲरिझोनातल्या ६१ इंची दुर्बिणीला सीसीडी जोडून जेम्स जेनेसिक आणि ब्रॅडफर्ड स्मिथ यांनी ग्रहांची चित्रे घेतली. फिल्मची मंदगती संपली आणि नवा प्रश्न उभा राहिला.

सिलिकॉनमध्ये उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते ताऱ्याच्या प्रकाशाने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. हा ‘डार्क करंट’ तापमान साधारण सहा अंशांनी वाढले की दुप्पट होतो. म्हणजे सेन्सर ३० अंशांवरून उणे ६ वर आणला, तर तो सहा वेळा निम्मा होऊन चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. उरलेला भाग डार्क वजा करून काढायचा. मात्र वजाबाकीलाही मर्यादा आहे. एखाद्या पिक्सेलमध्ये उष्णतेचे ३०० इलेक्ट्रॉन साठले, तर ती सरासरी वजा होते, पण तिच्याभोवतीचा सुमारे १७ इलेक्ट्रॉनांचा चढउतार तसाच राहतो. म्हणून आधी गारवा, मग डार्क.

१९९० च्या सुमारास एसबीआयजीचा एसटी-४ कॅमेरा हौशी मंडळींच्या हाती आला. त्याचे चित्र जेमतेम १९२ गुणिले १६५ पिक्सेलांचे. १९९४ मध्ये रिचर्ड बेरी आणि सहकाऱ्यांच्या ‘द सीसीडी कॅमेरा कुकबुक’ने घरी कॅमेरा बांधण्याचा मार्ग खुला केला. त्यात पेल्टियर चकती सेन्सर गार करी आणि तिच्या गरम बाजूची उष्णता वाहते पाणी नेई.

पुढच्या दशकात डीएसएलआर आले आणि हा छंद अनेकांच्या आवाक्यात आला, पण गारवा गेला. रात्र चढते तसे तापमान उतरते, त्यामुळे संध्याकाळचा डार्क पहाटेच्या फोटोला लागू पडत नसे. कॅमेऱ्यातच डार्क वजा करण्याची सोय होती, पण प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ त्यात जाई. मोकळ्या आकाशाची अर्धी रात्र टोपणाखाली घालवणे कोणाला परवडणार?

२०१५ नंतर पेल्टियर लावलेले सीमॉस कॅमेरे स्वस्त झाले. ठरवलेले तापमान ते स्वतः धरून ठेवतात, म्हणून ढगाळ रात्री डार्क काढून संग्रह करता येतो. तापमान, गेन आणि एक्स्पोजर मात्र तंतोतंत जुळावे लागते. त्या पिढीतल्या अनेक सेन्सरांच्या कडेला सर्किटची प्रभा दिसे. ती वेळेच्या सरळ प्रमाणात वाढत नसल्याने एका मिनिटाचा डार्क पाच पटीने गुणून भागत नसे. २०२० च्या आसपास सोनीच्या आयएमएक्स५७१ सारख्या सेन्सरांत ही प्रभा जवळजवळ नाहीशी झाली, आणि डार्क हवेतच कशाला, असे काही जण म्हणू लागले.

माझे मत स्पष्ट आहे: हवेत. हॉट पिक्सेल, म्हणजे डार्क करंटने फाजील उजळणारे पिक्सेल, अजून आहेत आणि आपला उन्हाळाही आहे. एप्रिलच्या रात्री बाहेर २८ अंश असताना ३५ अंशांनी थंड करणारा कॅमेरा उणे ७ च्या खाली जाऊ शकत नाही, आणि तिथेही पेल्टियर पूर्ण ताकदीने चालवावा लागतो. डिसेंबरात उणे २० चे डार्क काढून ठेवले, तर एप्रिलच्या फोटोंना ते निरुपयोगी ठरतात. महाराष्ट्रात हा छंद करणाऱ्यांनी बारा महिने झेपेल असे शून्य किंवा उणे ५ हे एकच तापमान ठरवावे आणि त्याच तापमानाचे वीस-तीस डार्क एकत्र करून मास्टर डार्क तयार ठेवावा. येत्या पावसाळ्यात आकाश झाकलेलेच असेल. तेव्हाच हे काम उरकून घ्या.