पंधरावर अडलेला आकडा

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी, घराच्या ओसरीत एक लहानसे वाचनालय आहे. दहावी-बारावीची मुले-मुली रात्री तिथे अभ्यासाला बसतात. विजेचा भरवसा नाही, म्हणून छपरावर ४०० वॉटची सोलर पॅनेल बसवली, खाली १५० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी ठेवली. तरीही रात्री दहालाच दिवे मंदावू लागले. परीक्षा तोंडावर आलेली. ‘चाचा, आज लाइट राहील ना?’ हा प्रश्न मला रोज ऐकावा लागे.

पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये भिंतीवर एक डबी असते. तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल अशा बेताने देणे हे तिचे काम. भर दुपारी मी तिच्या पडद्यावर पाहिले, तर १५ अँपिअर. तासाभराने पुन्हा १५. एवढ्या कडक उन्हात २०-२२ तरी मिळायला हवेत. डबी बिघडली, असे मी ठरवूनच टाकले.

गावात सोलरची कामे करणारा एक तरुण आहे, त्याला बोलावले. तो म्हणाला, ‘चाचा, आकडा असा एका जागी खिळला, तर ती बहुधा कुणीतरी घातलेली मर्यादा असते.’ पॅनेलवर धूळ वा सावली असती तर आकडा उन्हाबरोबर खालीवर झाला असता. पत्र्याखाली डबी तापली असती, तर दुपारी तो उतरला असता, कारण तापलेला कंट्रोलर स्वतःला जपायला प्रवाह कमी करतो. आणि बॅटरी भरत आली, व्होल्टेज साधारण १४.४ला पोहोचले, की आकडा हळूहळू घसरतोच. ते तर चांगले लक्षण.

मर्यादा १५ची का? अशा बॅटरीला क्षमतेच्या सुमारे दहावा हिस्सा प्रवाह मानवतो, म्हणून. ‘मग ३० करून टाक,’ मी म्हणालो. त्याने मान हलवली. जास्त प्रवाहाने बॅटरी तापते, पाणी उडते, हायड्रोजन वायू सुटतो. शिवाय वायर आणि फ्यूजही तेवढ्या ताकदीचे हवेत. मात्रा मोजून गझल लिहिणाऱ्याने मर्यादेवर चिडावे, याचे माझे मलाच हसू आले.

पण दिव्यांचे कोडे सुटले नव्हते. त्याने चिमट्यासारखा डीसी मीटर काढून बॅटरीच्या वायरीला लावला. तिथे ९च अँपिअर! उरलेले ६ कुठे गेले? ओसरीत तीन डीसी पंखे दिवसभर फिरत होते, प्रत्येकी दोन अँपिअरचे. कंट्रोलरची मर्यादा त्याच्यातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या प्रवाहाला असते. पंखे आपला वाटा आधी घेत आणि बॅटरीला उरलेले मिळे. बॅटरी निम्मी उतरली असेल, तर ७५ अँपिअर-तास भरायचे. १५ने पाच तास लागतात, ९ने आठांहून जास्त. चांगले ऊन मिळते पाच-सहा तास. म्हणजे बॅटरी रोज थोडी उपाशीच राहत होती, आणि शिसे-आम्लाच्या बॅटरीला असे सतत अर्धपोटी ठेवणेही घातकच.

बॅटरीसोबत आलेला कागद शोधून कमाल प्रवाह पाहिला, पंखे बंद असले तरी बेताचा राहील याची खात्री केली, वायर-फ्यूज तपासले, आणि मर्यादा २० केली. पंखे चालू ठेवूनही आता बॅटरीला १४ मिळू लागले. एक गोष्ट त्याने बजावून सांगितली: डबी कधी काढायचीच झाली तर आधी पॅनेलची वायर सोडवा, मग बॅटरीची, जोडताना आधी बॅटरी, नंतर पॅनेल.

चार-पाच दिवसांत फरक पडला. एका रात्री साडेअकराला ओसरीत जाऊन मलाच सांगावे लागले, ‘पोरांनो, आता झोपा.’