तेल ज्वालकातील प्रज्वलनदोष

बाष्पित्राच्या भट्टीत द्रव इंधनाचे सूक्ष्म तुषारांत रूपांतर करून ते हवेबरोबर जाळणाऱ्या साधनास तेल ज्वालक किंवा बर्नर म्हणतात. थंड देशांत लहान तेल ज्वालक घरे उबदार ठेवण्यासाठी वापरतात. महाराष्ट्रात त्यांचे स्थान मुख्यतः कारखान्यांत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत ओतशाळांच्या जोडीने वस्त्रप्रक्रिया उद्योग असून रंगाई, धुलाई व सुकवण यांसाठी अशा उद्योगांना अखंड वाफ लागते. ज्वालक पेटला नाही, तर सारे काम खोळंबते व घाईत चूक होते.

डीझेलवरील सामान्य ज्वालकात प्रथम पंखा सुरू होऊन भट्टीतील जुने वायू धुराड्यावाटे बाहेर काढले जातात. नंतर रोहित्रापासून मिळणाऱ्या सु. १०,००० व्होल्ट दाबाने दोन विद्युत् अग्रांमध्ये ठिणगी पडते. विद्युत् चुंबकीय झडप उघडून सु. ७ ते १४ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबाचे तेल तोटीतून फवारले जाते. ज्वालेचा प्रकाश प्रकाशविद्युत् घटावर पडला नाही, तर नियंत्रक काही सेकंदांतच तेल तोडतो व तांबडा दिवा लागतो. ही ज्वालकाची तक्रार नसून त्याने केलेले संरक्षण आहे.

दोष कोठे आहे, हे बरेचदा धुराडेच सांगते. पांढरट वाफ व तेलाचा उग्र वास येत असेल, तर तेल फवारले जात आहे, पण पेटत नाही. तेव्हा अग्रांमधील अंतर, त्यांवरील काजळी आणि चिनी मातीच्या विसंवाहकावरील तडे पाहावेत. पावसाळ्यात विसंवाहकावर ओल धरल्यास वीज ठिणगी न पाडता बाजूने वाहून जाते. वाफ व वास दोन्ही नसतील, तर टाकी, गाळणी, झडप व तोटी तपासावी. चूषण नळीच्या सैल सांध्यातून शिरणारी हवाही पंपाचा दाब पाडते. ज्वाला पेटून लगेच विझत असेल, तर प्रकाशविद्युत् घटाची काच काजळलेली असण्याचा संभव मोठा. याउलट बाहेरचा प्रकाश किंवा लाल झालेल्या विटांची प्रभा घटावर पडली, तर पेटण्यापूर्वीच ज्वाला असल्याचा भास होऊन नियंत्रक पुढे सरकत नाही. जड भट्टीतेल वापरणाऱ्या ज्वालकात आणखी एक कारण संभवते : हे तेल थंडीत घट्ट होते. ते सु. १००° से. किंवा त्याहून अधिक तापविल्याशिवाय त्याचे नीट तुषार होत नाहीत.

सर्वांत घातक चूक म्हणजे तांबडा दिवा लागताच पुनःस्थापन कळ वारंवार दाबणे. दर खेपेस थोडे न जळलेले तेल भट्टीत साठते, तापलेल्या विटांवर त्याची वाफ होते आणि पुढची ठिणगी पडली की भट्टीत स्फोट होतो. म्हणून फार तर एकदाच पुन्हा प्रयत्न करावा. तोही निष्फळ ठरल्यास विद्युत् पुरवठा व तेल बंद करून साठलेले तेल पुसून काढावे व वायुवीजनानंतरच दोष शोधावा. संरक्षक घटाला फसविण्यासाठी त्यावर विजेरीचा प्रकाश टाकणे किंवा त्याच्या तारा जोडून टाकणे हे तर सरळसरळ अपघाताला निमंत्रण होय.

भारतातील बाष्पित्रांविषयीच्या १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ च्या बॉयलर अधिनियमाने घेतली असून महाराष्ट्रात बाष्पित्रांची तपासणी बाष्पके संचालनालयामार्फत होते. तीमधील जलदाब परीक्षेने पात्राची मजबुती कळते. ज्वालकाची ठिणगी आणि घटाची काच मात्र चालकालाच नित्य पाहावी लागते.