रात्री दोनचा स्लॉट

पहाटे पाच. उठल्या उठल्या फोनवर बनारसच्या बाबतपूर विमानतळाचा मेटार, म्हणजे हवेचा अहवाल, बघते. जानेवारीत तो बहुतेक एकच गोष्ट सांगतो: वारा जवळजवळ नाही आणि धुकं दाट. कॅट-वन पद्धतीने उतरायचं तर धावपट्टीवर निदान ५५० मीटरपर्यंत दिसायला हवं, आणि २०० फुटांपर्यंत खाली येऊन दिवे दिसले नाहीत तर परत वर जायचं. आज त्याच्या आसपासही काही नाही. आजी चुलीपाशी नसली तरी गॅसपाशी असतेच. ती विचारते, "पुण्याची मंडळी वेळेवर येतील का गं?"

"अकराच्या आत नाही, आजी. आणि लखनौला वळवलं विमान, तर संध्याकाळच."

यात्रेकरूंच्या खोल्या कधी झाडायच्या हे आमच्या घरात त्यावरून ठरतं. माझा यात फायदा असा की एअरलाइनच्या मुलाखतीत हमखास येणाऱ्या धुक्याच्या प्रश्नाचं उत्तर रोज खिडकीबाहेर उभं असतं. निरभ्र रात्र, पडलेला वारा, ओली जमीन. रात्रभर जमीन गार होते आणि तिच्यालगतच्या हवेतल्या वाफेचे तिथेच थेंब होतात. उन्हं जमिनीपर्यंत पोचली की धुकं विरायला लागतं. पुस्तकात याला अर्धं पान आहे.

साडेसहा. घाटावर. अहिल्याबाई घाटाचं आधीचं नाव केवलगिरी घाट. होळकरांच्या बाईंनी अठराव्या शतकात तो पक्का बांधून घेतला. डावीकडे शीतला घाट, पुढे दशाश्वमेध. दशाश्वमेधावर गर्दी लवकर जमते, इथे त्या मानाने मोकळं असतं. मी सर्वांत रुंद टप्प्यावर होल्डिंग पॅटर्न चालून काढते. विमानतळावर जागा नसली की आकाशात ठरलेल्या बिंदूवर घिरट्या घालत थांबायचं, तो हा आकार: एक मिनिट सरळ, अर्धं वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा अर्धं वळण. १४,००० फुटांच्या वर सरळ भाग दीड मिनिटाचा. तुम्ही कोणत्या दिशेने बिंदूकडे येता त्यावर आत शिरायच्या तीन रीती, आणि त्या कागदावर कितीही कळल्या तरी कॉकपिटमध्ये डोकं गरगरतंच. पायांनी चालून पाहिलं की दिशा अंगात बसते. प्रमाण होल्ड उजव्या वळणांचा, म्हणजे प्रदक्षिणेचाच. त्यामुळे छत्रीखाली बसलेल्या पंडाजींना माझ्यात काही वावगं दिसत नाही.

मग पायरीवर बसून चेअर फ्लाइंग. हात हवेत, डोळे मिटलेले, तोंडाने कॉलआउट. पॉझिटिव्ह क्लाइंब. गिअर अप. तीन अंशांच्या उतारावर वेगाला पाचने गुणायचं: १४० नॉट म्हणजे मिनिटाला ७०० फूट. वळणाचा कोन हवा असेल तर वेगाचा दहावा भाग अधिक सात. हे आकडे विचार न करता यायला हवेत, कारण सिम्युलेटरमध्ये विचाराला दुसरं बरंच काही असतं.

आठ ते साडेअकरा. चहा, पोहे, खोल्यांचं रजिस्टर, काकांबरोबर भाजी. यात्रेकरूंना मी पायलट आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग इथे काय करतेस? कमर्शियल लायसन्स हातात आहे, २०० तासांचं उड्डाण झालंय, कर्जाचा हप्ता चालू आहे, आणि एअरलाइनच्या निवडीत लेखी परीक्षेनंतर सिम्युलेटरची फेरी असते, हे सगळं पोहे वाढताना सांगता येत नाही.

बारा. सिम्युलेटर भाड्याने देणाऱ्यांना फोन. दिवसातलं हे खरं काम. माझे २०० तास मुख्यतः एका इंजिनाच्या छोट्या विमानात गेले आणि परीक्षा होणार जेटच्या कॉकपिटात. बनारसमध्ये तसलं यंत्र नाही. गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, हैदराबाद, बेंगळुरू अशी ती ठिकाणं. पायांवर हलणारं, लेव्हल डी दर्जाचं फुल फ्लाइट सिम्युलेटर तासाला पाच आकडी पैसे खातं. म्हणून मी आधी विचारते की फिक्स्ड बेस यंत्र आहे का. ते जागचं हलत नाही, पण पडदे, स्विच आणि आकडे तेच. नजर फिरवायचा सराव त्यावर पुरेसा होतो. पुढचे प्रश्न: ड्राय की वेट? ड्राय म्हणजे नुसतं यंत्र, वेट म्हणजे शिक्षकासकट. जीएसटी धरून की वेगळा? यंत्र बिघडलं तर वेळ परत मिळतो का? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, रात्रीचा दर काय. ही यंत्रं जवळजवळ चोवीस तास चालतात. दिवसाच्या वेळा एअरलाइन आधीच अडवून ठेवतात आणि रात्री दोनला बसायला कुणी राजी नसतं. तिथे घासाघीस चालते.

स्लॉट साधारण चार तासांचा आणि दोघांसाठी धरलेला असतो. एकट्याने घेणं म्हणजे निम्मे पैसे पाण्यात. माझा जोडीदार नागपूरचा, फ्लाइंग स्कूलमधला. दोन तास तो उडवणार आणि मी मॉनिटर करणार, मग उलट. दुसऱ्याच्या चुका शेजारच्या खुर्चीवरून बघणं हे शिक्षण फुकटात पडतं. मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

अडीच. जेवण, झोप. झोप हवीच, कारण पुढे येते.

चार. लॅपटॉपवर एक्स-प्लेन, सेकंडहँड जॉयस्टिक. यावर हाताला वजन कळत नाही, ट्रिम कळत नाही. ऑटोपायलट बंद करून नुसत्या उपकरणांवर उडवताना नजर कुठून कुठे जावी, एवढं मात्र कळतं. माझा नियम एकच, पॉज दाबायचा नाही. वीज गेली तर गेली.

मागच्या खोलीत आजोबांची पेटी आहे. तिचा भाता बघितला की मला एडविन लिंक आठवतो. हा अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा. उडायला शिकणं परवडेना म्हणून वडिलांच्या कारखान्यातले भाते वापरून त्याने १९२९ मध्ये जमिनीवरच डुलणारं छोटं विमान बनवलं. लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून घेतलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराचे वैमानिक खराब हवेत टपाल नेताना मेले, तेव्हा लष्कराने त्याची सहा यंत्रं विकत घेतली. सिम्युलेटर हा मुळात पैसे नसलेल्या माणसाचा उद्योग होता, हे दर विचारताना मला आठवतं आणि थोडा राग येतो.

साडेसहा. शेजारी आरतीचे लाउडस्पीकर सुरू झाले की मी आणि जोडीदार फोनवर तालीम करतो. टेकऑफला एक इंजिन गेलं: दिशा धर, नाक धर, गिअर वर, ४०० फुटांपर्यंत बाकी कशाला हात लावायचा नाही. तो म्हणतो, "ऐकू येत नाहीये!" मी म्हणते, "मग पुन्हा विचार, तेच तपासतात." परीक्षक हाताची सफाई बघतोच, पण शेजाऱ्याने 'स्पीड' म्हटल्यावर तुम्ही ऐकलंत का, हेही लिहून ठेवतो.

नऊ. शिवगंगा एक्सप्रेसची तिकिटं, स्लॉटच्या एक दिवस आधीची. धुक्यात गाडी किती उशीर करेल याचा मेटार निघत नाही.

रात्री दोन. घरात फक्त मी जागी. स्लॉट या वेळेचा आहे, तर डोकं या वेळेला चालतं का ते आधीच बघून ठेवलेलं बरं. दुपारची झोप त्यासाठी. आज होल्डची एंट्री चुकली नाही, उंची मात्र दोनदा सुटली. फोनवर नागपूरचा निरोप: पहिले दोन तास तोच उडवणार, नाणेफेक त्याने जिंकली. नाणं त्याच्याकडेच होतं.