दप्तरात थिजलेली खानेसुमारी

मळेवाल्यांच्या उसासाठी गिरमिटावर नेलेल्या हिंदी मजुरांची संतती ज्या बेटावर कालांतराने बहुसंख्य ठरली, त्या मॉरिशसमध्ये १९६८ साली स्वातंत्र्य येताना अल्पसंख्यांच्या मनातील भय निवारण्यासाठी घटनेने योजलेला उपाय मोठा चमत्कारिक आहे: ६२ निर्वाचित सभासदांखेरीज कमाल ८ जागा, ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने प्रतिनिधित्व कमी पडले असेल त्यातील पराभूत उमेदवारांना, पक्षांचे तौलनिक बळ सांभाळून, बहाल केल्या जातात. त्यासाठी उमेदवारी अर्जावर हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशसी अथवा ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ यांपैकी एक समाज लिहून द्यावा लागतो. २०१४च्या निवडणुकीपुरती तेवढी सूट मिळाली. कोकणातून गेलेल्या मराठी हिंदू घराण्यांना येथे निराळा रकाना नाही, आणि ‘सर्वसाधारण’ या निरुपद्रवी शब्दाखाली आफ्रिकी गुलामांचे वंशज व त्यांच्या फ्रेंच धन्यांचे वंशज (दैवाचा विनोद म्हणावा तो हाच!) शेजारी शेजारी बसवलेले आहेत. १९८२मध्ये शिरगणतीतून समाजाचा प्रश्नच वगळला गेल्यामुळे हा सारा हिशेब आजही १९७२च्या आकड्यांवर, म्हणजे त्यानंतर जन्मलेल्या एकाही मतदाराची मोजदाद न करता, मांडला जातो.